केंटकी लेकवर अडकलात? विम्याच्या पत्राची वाट बघत बसू नका

नमस्कार. ओंडका लागून बोटीच्या एका बाजूचा शाफ्ट (प्रॉपेलर फिरवणारा दांडा) वाकलाय, दोन आठवडे मरिनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, पडून आहात, मेकॅनिक कामाला तयार आहे पण विमावाले "थांबा" म्हणतायत, तर थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. अगदी हीच चूक करून आम्ही एक अख्खा हिवाळा घालवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लॉक (नदीत बोट वर-खाली नेणारी दारांची टाकी) कसं घ्यायचं, मालवाहू बार्जवाल्यांशी रेडिओवर कसं बोलायचं हे तुम्ही शिकागोपासून नद्यांच्या वाटेने दक्षिणेला समुद्राकडे येताना इथवर करत आलाच आहात, त्यात शिरत नाही.

आमचं असं झालं. २०२३ चा ऑक्टोबर संपत आला होता. टेनेसी नदीवर सव्हाना गावाच्या थोडं खाली उजव्या इंजिनाखाली धाडकन आवाज झाला आणि समोरचा चहाचा कप आपला आपण टेबलाच्या कडेकडे चालायला लागला. इंजिन बंद केलं. दुसऱ्या इंजिनावर रखडत पिकविक लॉक पार केलं आणि वरच्या मरिनात पोचलो. बोट उचलली तर प्रॉपेलरच्या एका पात्याची कड भाजलेल्या पापडासारखी वळलेली, आणि शाफ्ट हाताने फिरवला तरी डोळ्याला दिसेल इतका डुगडुगत होता.

विमा कंपनीला फोन केला. (नाव लिहीत नाही, मेसेज करूनही विचारू नका.) फोनवरची बाई अतिशय गोड. म्हणाली, "हो हो, काढून घ्या, काम सुरू करा." मी केलं. मेकॅनिकने प्रॉपेलर दुरुस्तीला पाठवला आणि तो आठवड्यात ठोकून, सरळ होऊन, चकचकीत परत आला. सर्व्हेअर, म्हणजे विम्यातर्फे नुकसान बघणारा, उगवला एकोणिसाव्या दिवशी. म्हणाला, "नुकसान कुठाय?" माझ्याकडे पुरावा म्हणून एकच फोटो, त्यात अर्ध्या पात्यावर माझा अंगठा. त्या गोड बाईशी झालेल्या बोलण्याची त्यांच्याकडे नोंदच नव्हती.

पुढे जे सुरू झालं ते सांगताना आजही डोकं फिरतं. दर फोनला नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून कथा. एकाने अपघाताच्या जागेचा पत्ता मागितला, झिप कोडसकट. मी म्हटलं, टेनेसी नदी, मैल १९०च्या खाली. तर म्हणे फॉर्ममध्ये ते बसत नाही, जवळच्या रस्त्याचं नाव द्या. अहो, नदी आहे ती! शेवटी मरिनाचा पत्ता टाकला, तर पुढच्या पत्रात प्रश्न: मरिनात उभ्या बोटीला ओंडका कसा लागला?

पण खरा घोळ त्यांचा नाही, माझा. विम्याचं पत्र आल्याशिवाय नवीन शाफ्ट बसवायचा नाही असा हट्ट मी धरून बसलो. बायको रोज सांगत होती, पैसे भरू आणि निघू. मला वाटत होतं, हप्ते भरलेत तर हक्काचे पैसे का सोडायचे? नंतर हिशेब केला. एकूण बिल आमच्या डिडक्टिबलपेक्षा (क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम) जेमतेम १,९०० डॉलरने जास्त होतं. म्हणजे भांडण होतं एवढ्यासाठी. पत्र आलं २८ डिसेंबरला, बोट पाण्यात उतरली ८ जानेवारीला आणि १४ तारखेला आम्ही टेन-टॉमवर (टेनेसी नदीतून दक्षिणेला समुद्राकडे नेणारा जलमार्ग) कोलंबस गावाला पोचलो. कडाक्याची थंडी येतेय म्हणून म्हटलं, दोन दिवस थांबू. १६ जानेवारी २०२४ ला खाली डेमोपोलिस लॉकच्या वरच्या दारांखालचा काँक्रीटचा उंबरठा फुटला आणि लॉक बंद. समुद्रकाठच्या मोबाइल शहराकडे जायचा रस्ताच संपला. ते उघडलं थेट मे महिन्यात.

उलटं जाऊन मिसिसिपीने उतरायचं म्हटलं तर ओहायो नदी मिसिसिपीला मिळते त्या केरो गावापासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत साधारण साडेआठशे मैल, आणि त्यात आपल्यासारख्या छोट्या बोटींना डिझेल मिळायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या टाक्यांच्या जिवावर ते धाडस करायची माझी तयारी नव्हती. ट्रकवरून बोट न्यायचा आकडा ऐकून फोन ठेवून दिला. डिसेंबरात निघालो असतो तर नाताळ फ्लोरिडात झाला असता.

तर माझं मत. मी विम्यातला माणूस नाही, वकील तर नाहीच. तुमची पॉलिसी वेगळी असेल, ती नीट वाचा. पण बिल डिडक्टिबलच्या आसपास जात असेल तर क्लेमचा नाद सोडा, पैसे भरा आणि निघा. रक्कम खरंच मोठी असेल तरी काम अडवून धरू नका. आज संध्याकाळीच ईमेल टाका: अमुक तारखेला अपघात झाला, अमुक दिवशी दुरुस्ती सुरू करतोय, सर्व्हेअर त्याआधी पाठवा, हरकत असेल तर लेखी कळवा. फोनवरच्या "हो हो" ला शून्य किंमत. फोटो भरपूर काढा, शेजारी टेप धरून, अंगठा बाजूला ठेवून. आणि सर्व्हेअरने बघेपर्यंत प्रॉपेलर कोणालाही ठोकू देऊ नका. वाकलेला शाफ्ट भंगारात देऊ नका, डेकवर बांधून ठेवा.

शाफ्ट बाहेर आहे तर कटलस बेअरिंग (पाण्याखाली शाफ्टला आधार देणारं) आत्ताच बदला, त्यासाठी पुन्हा बोट उचलायची वेळ येऊ नये. अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) मात्र बोट जमिनीवर असताना "झालं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बोट पाण्यात उतरवून निदान एक रात्र बसू द्या, मग कपलिंग, म्हणजे इंजिन-शाफ्टचा जोड, तपासा.

मरिनाच्या पैशांचं. रोजच्या दराने अजून भरत असाल तर आज ऑफिसात जाऊन महिन्याचा दर मागा. आमच्याकडे दहा-बारा दिवसांतच महिन्याचा दर स्वस्त पडत होता आणि ते आपणहून कोणी सांगितलं नाही. वीज बहुतेक वेगळी मोजतात, हीटर लावताना लक्षात ठेवा. दुसऱ्या राज्यातली बोट किती दिवस ठेवता येते याची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी ६० किंवा ९० दिवस. तेव्हा आल्या दिवसापासूनच्या पावत्या आणि दुरुस्तीचे कागद जपा. बोट सोडून घरी जाणार असाल तर तेही विम्याला लेखी कळवा. आम्ही फेब्रुवारीत घरी गेलो ते कळवूनच, तेवढी अक्कल तोवर आली होती.

मे महिन्यात लॉक उघडलं त्याच आठवड्यात विम्याच्या त्याच ऑफिसातून ईमेल: वादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो, तोवर बोट कुठे असेल ते कळवा. मी फोन उशीखाली ठेवून झोपलो.

तुमच्या सौ. कंटाळल्यात असं लिहिलंय. मरिनाची गाडी तासभर वापरायला मिळते, ती रोज मागायला लाजू नका. आमच्या बोटीवर कुकर लावला की धक्क्यावरची मंडळी डोकावायची. एक वयस्कर कॅप्टन दर शिट्टीला ओरडायचा, "वन व्हिसल!", म्हणजे बार्ज ढकलणाऱ्या टोवाल्यांच्या भाषेत, समोरासमोर येताना डावी बाजू डाव्या बाजूला ठेवून जाऊ. तिसऱ्या शिट्टीला तो ताटली घेऊन हजर. अलाइनमेंट शेवटी त्यानेच करून दिली, वरणभातावर.

आणि हो, तुमची स्लिप (बोट बांधायची जागा) खाडीच्या आतल्या टोकाला आहे म्हणालात. केंटकी लेकचं पाणी उन्हाळ्यात समुद्रसपाटीपासून ३५९ फुटांवर असतं, ते उतरवत उतरवत १ डिसेंबरपर्यंत ३५४ वर आणतात. शाफ्ट बसेल आणि बोट चिखलात बसेल. आजच काठी टाकून खोली मोजा आणि इथे लिहा.