हळदीच्या चकतीभोवती वर्तुळ आलं नाही, म्हणजे प्रकल्प फसला का?

नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तू लसूण, हळद आणि कडुनिंबाच्या पाल्याचा रस फिल्टर पेपरच्या चकत्यांवर घेतलास, तळहातावरून घेतलेल्या जिवाणूंच्या प्लेटवर त्या ठेवल्यास. लसणाभोवती जिवाणू न वाढलेलं मोठं स्वच्छ वर्तुळ आलं, हळदीभोवती काहीच नाही. घरचे म्हणतात, हळद जंतुनाशक असतेच, तुझंच काहीतरी चुकलं.

तुझं चुकलेलं नाही. कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स मी बरीच वर्षं घेतली, आणि हळदीची अशी प्लेट दरवर्षी कुणाची तरी निघायचीच. झाकण न उघडता ती उजेडासमोर धर. चकतीला लागून गडद पिवळा डाग दिसेल, पण रंग फार पुढे सरकलेला नसेल. उत्तर तिथेच आहे. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा जिवाणू मारणारा पिवळा घटक, पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आणि अगर, म्हणजे प्लेटमधली जेली, बहुतांशी पाणीच. ते जिवाणूंपर्यंत पोचलंच नाही, तर मारणार कुणाला? लसणाचं उलट आहे. पाकळी ठेचली की ॲलिनेझ नावाचं एन्झाइम लसणातल्या ॲलिइनपासून जिवाणू मारणारं ॲलिसिन तयार करतं आणि ते अगरमध्ये सहज पसरतं. आमच्या एका बॅचने निर्जंतुक व्हावा म्हणून लसूण अख्खाच उकळून घेतला होता; एकाही प्लेटवर वर्तुळ आलं नाही, कारण ठेचण्याआधीच एन्झाइम निकामी झालं होतं.

म्हणून 'लसूण हळदीपेक्षा प्रभावी' असं अहवालात लिहू नकोस. वर्तुळ जसं मारण्याची ताकद दाखवतं, तसंच पसरण्याची क्षमताही.

पुढचा प्रयोग करायचा तर हळद अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढ. पण अल्कोहोल स्वतःच जिवाणू मारतं, तेव्हा एका नळीत जिवाणू आणि हळदीचा अर्क, दुसरीत तेवढेच जिवाणू आणि तेवढंच नुसतं अल्कोहोल, असं ठेव. दुसऱ्या दिवशी दोन्हींतला एकेक थेंब नव्या प्लेटवर पसरून वाढ ताडून बघ. ही दुसरी नळी म्हणजे तुझं कंट्रोल, तुलनेसाठीचा नमुना. तुझ्या पहिल्या प्लेटवर नुसत्या पाण्याची चकती नव्हती, ही मात्र खरी उणीव आहे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. तळहातावर, नाकात, घशात रोग करणारे जिवाणूही असू शकतात, आणि प्लेटवर ते कोट्यवधींनी वाढतात. ती प्लेट टेपने बंदच ठेव, उघडून वास घेऊ नकोस, कचऱ्यातही टाकू नकोस. जवळच्या कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात शिक्षकांबरोबर जा. तिथे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसला ती निर्जंतुक करून मिळेल. नव्या प्रयोगासाठी त्यांच्याकडे बॅसिलस सबटिलिससारख्या निरुपद्रवी जिवाणूचं कल्चर (वाढवलेला नमुना) माग आणि नळ्यांचं काम तिथेच कर. तुझ्या तळहातावरच्या सरमिसळ जिवाणूंपेक्षा एकाच जातीचा थर एकसारखा येतो, वर्तुळाची कड स्पष्ट दिसते. व्यास मिलिमीटरमध्ये, चकतीसकट मोज आणि प्रत्येक पदार्थाच्या निदान तीन प्लेट्स लाव.