व्रतं राहू देत, आधी डॉक्टरांकडे जा

ताई, लग्नाला दीड वर्ष झालं. नवरा समजूतदार आहे, पण जवळ आला की माझं अंग आवळून येतं, आग होते आणि संबंध होतच नाही. रोज गीता वाचते. लहानपणापासून सत्संगात ऐकलंय की कामवासना म्हणजे विकार. सासूबाईंनी सोळा सोमवार धरायला लावलेत. देव माझ्यावर कोपलाय का?
– एक वाचक, कोल्हापूर

नाही गं, कुणीही कोपलेलं नाही. तू लिहिलंयस त्यावरून हा बहुधा व्हजायनिस्मस असावा. योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपल्या इच्छेला न जुमानता आवळले जातात. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते, तसंच. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) अशी इतर कारणंही असू शकतात, म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. पत्रावरून निदान होत नाही.

धार्मिक घरात वाढलीस म्हणूनच हे झालं, असंही समजू नकोस; देवाधर्माशी संबंध नसलेल्या मुलींनाही होतं. पण ज्या मुलीला वर्षानुवर्षं शरीराची लाज शिकवली, तिने अक्षता पडल्या त्या रात्री एकदम मोकळं व्हावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. तू गीता वाचतेस ना? मग सातव्या अध्यायातला अकरावा श्लोक बघ. धर्माला विरोधी नसलेला काम तो मीच, असं श्रीकृष्ण तिथे म्हणतो. एकनाथांनी पैठणात संसार करत भक्ती केली. संत चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाईंनी तर विटाळ मानणाऱ्यांनाच विचारलं, विटाळाशिवाय घडलेला देह जगात आहे तरी कुठे? सत्संगात मुलींना हे कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता उपचारांचं. ‘थोडं सोस, जमेल’ म्हणत केलेल्या प्रत्येक प्रयत्नाने भीती वाढते. म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत संबंधाचा प्रयत्न पूर्ण थांबवा. जवळ घेणं, स्पर्श, गप्पा मात्र थांबवू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. त्या हे स्नायू सैल सोडायला शिकवतात. व्हिडिओ बघून आवळण्याचे व्यायाम करू नकोस, त्याने त्रास वाढू शकतो. पुढे वंगण लावून अगदी बारीक डायलेटरपासून (योनिमार्गाला हळूहळू सवय लावणारी गुळगुळीत कांडी) सुरुवात करतात, तुझ्या हाताने, तुझ्या गतीने. जोडीला समुपदेशन. वेळ लागतो, पण बहुतेकींना गुण येतो.

तुझी भक्ती सोडायची काहीच गरज नाही. व्यायामाआधी संथ श्वासाबरोबर नाम घे, अंग सैलावायला मदत होईल. सोमवार मनापासून करायचे असतील तर कर, शिक्षा म्हणून नकोत. आणि उपवास चालू आहेत म्हणून डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नकोस.

तपासणीआधीच डॉक्टरांना सांग, “मला भीती वाटते, मी थांबा म्हटलं की थांबा.” पहिल्याच भेटीत आतून तपासणी झालीच पाहिजे असं नाही. ‘मूल झालं की सगळं ठीक होईल’ असं कुणी म्हणालं, तर सरळ डॉक्टर बदल.

सासूबाईंना सगळं सांगायचं बंधन तुझ्यावर नाही. “डॉक्टरांचे उपचार चालू आहेत” एवढं पुरे, आणि तेही तुझ्या नवऱ्याने सांगावं.