क्रेटमधले सहा आठवडे

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षांची डॅशहंड जातीची कुत्री आहे. तिचे नाव चिंगी. नऊ दिवसांपूर्वी सोफ्यावरून उतरताना ती जोरात किंचाळली, पाठ कमानीसारखी वर करून थरथरत उभी राहिली आणि चालताना तिचे मागचे पाय लडखडू लागले. डॉक्टरांनी तपासून मणक्यातील गादी सरकल्याचे सांगितले. तिला अजून स्वतःच्या पायांवर चालता येते, म्हणून तूर्त शस्त्रक्रिया नको, मात्र सहा आठवडे क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात, पूर्ण विश्रांती हवी, असे त्यांनी बजावले आहे. वेदनाशामक औषध आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरील गॅबापेंटिनच्या गोळ्या सुरू आहेत.

अडचण अशी की चिंगी मुळातच घाबरट आहे. एकटे राहणे, कुकरची शिट्टी, फटाके, सगळ्याचीच तिला भीती वाटते आणि आजवर तिला कधीही कोंडून ठेवलेले नाही. क्रेटचे दार लावले की ती धापा टाकते, जमीन उकरते आणि जाळी चावते. परवा तिच्या हिरड्यांतून रक्त आले. ते पाहवेना म्हणून माझ्या यजमानांनी दोन रात्री तिला बाहेर काढून पलंगावर जवळ झोपवले. आता दुखणे कमी झाल्यामुळे ती धावायलाच पाहते. सासूबाईंना हा सगळा प्रकार मुक्या जिवाचा छळ वाटतो आणि कोमट तिळाच्या तेलाने पाठ चोळून द्यावी, असे त्या म्हणतात. तीन आठवड्यांवर दिवाळी आली आहे. आम्ही हिला यातून कसे पार न्यावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील हिरड्यांतून रक्त आल्याचे वाक्य मी सर्वांत गंभीर मानते, म्हणून प्रथम त्याविषयीच लिहिते. क्रेट हे साधन आहे. आपल्याला हवी आहे ती पाठीच्या कण्याची विश्रांती. जे जनावर आत अंग आपटते, उकरते आणि जाळीशी झटापट करते, त्याचा कणा दार बंद असूनही विश्रांती घेत नसतो. त्यामुळे चिंगीची भीती हा दुखण्याबाहेरचा वेगळा प्रश्न नसून मणक्याच्या उपचाराचाच भाग आहे. आपण आजच आपल्या डॉक्टरांना फोन करून हा प्रकार जसा घडतो तसा सांगावा आणि शक्य झाल्यास मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवावा. गॅबापेंटिनने थोडी शांतता येते. ती पुरत नसेल तर ट्रॅझोडोनसारखे भीती कमी करणारे औषध जोडीला देता येते, आणि अशा विश्रांतीच्या काळात पशुवैद्य ते नेहमी वापरतात. मात्र अंग नुसते सुस्त करणारी आणि मनातली भीती तशीच ठेवणारी काही जुनी औषधे आहेत, ती घाबरलेल्या कुत्र्याला एकटी देणे मला योग्य वाटत नाही. औषधाचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे, आणि गोळी द्यावी लागली म्हणजे आपण कमी पडलो, असे कृपया मानू नये.

सासूबाईंच्या शंकेलाही नीट उत्तर मिळायला हवे, कारण घरातील एका माणसाला जरी हा छळ वाटत राहिला, तरी एखाद्या दुपारी दार उघडले जातेच. दोन मणक्यांमधील गादीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे असते आणि आत मऊ, रसरशीत गाभा असतो. आखूड पायांच्या डॅशहंड जातीत हा गाभा वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच कोरडा पडू लागतो आणि पुढे त्यात चुना साठून तो कडक होतो. मग सोफ्यावरून घेतलेली एखादी नेहमीचीच उडी निमित्त ठरते, कडे फाटते आणि आतील कडक भाग वर, थेट मज्जारज्जूवर येऊन आदळतो. बहुतेक वेळा हे छातीचा भाग संपून कंबर सुरू होते त्या जागी घडते. म्हणजे ही वेळ आपल्या निष्काळजीपणामुळे आलेली नाही. ती जातीच्या घडणीतच दडलेली होती. फाटलेल्या कड्याला रक्तपुरवठा फारच तुटपुंजा असतो, म्हणून ते अतिशय सावकाश भरून येते. विश्रांती किमान चार आठवडे हवी असे मेंदू व मज्जासंस्थेचे पशुवैद्यकीय तज्ज्ञ सांगतात. आपल्या डॉक्टरांनी सहा सांगितले आहेत, तेव्हा सहाच पाळावेत.

यातील फसवा काळ नेमका आता सुरू होत आहे. वेदनाशामकाने दुखणे थांबते, पण कडे मात्र अजून कच्चेच असते, आणि दुखत नाही म्हणून कुत्रे उडी मारते. आज लडखडत का होईना, चालणारी चिंगी अशा एका उडीने मागच्या दोन्ही पायांनी लुळी पडू शकते. यजमानांची माया मी समजू शकते, परंतु पलंगावरून पहाटे एकदा खाली उडी पडली तर आजवरची मेहनत वाया जाईल. त्यांनी तिच्याजवळ झोपण्यात काहीच गैर नाही, फक्त जागा बदलावी. क्रेटला लागून जमिनीवर गादी घालावी आणि जाळीतून हात आत सोडून झोपावे. एकटेपणाला भिणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत या एका बदलाने रात्रीचा निम्मा त्रास गेल्याचे मी अनेक घरांत पाहिले आहे.

क्रेट घराच्या कोपऱ्यात किंवा मागच्या खोलीत न ठेवता माणसांचा वावर असेल तिथे, पण स्वयंपाकघरापासून लांब ठेवावा. चिंगीला आत सरळ उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून आडवे होता यावे, इतकीच जागा असावी. चार पावले धावता येतील एवढी नको. वरची बाजू बंद हवी, नाहीतर ती मागच्या पायांवर उभी राहून डोकावेल, आणि या दुखण्यात ती हालचाल घातक असते. खाली न घसरणारी चटई किंवा योगाची मॅट घालून वर पातळ गोधडी अंथरावी. जाड, मऊ गादीत पाय रुततात आणि तोल जातो. तीन बाजूंनी जुनी चादर सोडावी आणि एक बाजू आपल्याकडे उघडी ठेवावी. पंख्याचा वारा आत पोहोचतो आहे ना, हे मात्र पाहावे.

क्रेटची सवय सावकाश, दार उघडे ठेवून लावावी असे एरवी सांगितले जाते. आपल्याला तेवढी सवड नाही, आणि दार उघडे ठेवले तर ती बाहेर येणारच. म्हणून आपण स्वतः दाराशी जमिनीवर बसावे, तिच्या अंगावर हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, असू द्यावा आणि त्याला एक हात लावून दुसऱ्या हाताने जेवण आतच भरवावे. इथून पुढे तिचे सारे खाणे क्रेटमध्येच व्हावे. खडबडीत रबरी चटईवर दही किंवा उकडलेला लाल भोपळा पसरून फ्रीजरमध्ये गोठवावा आणि तो चाटायला देऊन दार लावावे. चाटून संपण्याआधीच, ती शांत असताना, दार उघडून तिला हळूच कुरवाळावे. पहिल्या दिवशी ही वेळ दोन मिनिटांची असेल, तर आठवड्याने अर्ध्या तासापर्यंत जाईल. मधल्या वेळेत कोणीतरी शेजारी बसलेले असावे. हे काम सासूबाईंकडे सोपवावे, अशी माझी मनापासून सूचना आहे. मटार सोलत, पोथी वाचत त्या क्रेटजवळ बसल्या, तर त्यांच्या मायेला वाट मिळेल आणि चिंगीला सोबत होईल.

ती भुंकली की दुर्लक्ष करावे, असा सल्ला आपल्याला अनेकजण देतील. तो अर्धाच खरा आहे. आपल्याकडे पाहून भुंकणे, मध्येच थांबून आपण येतो का याचा अंदाज घेणे, हा हट्ट असतो. तिथे ती क्षणभर गप्प होईपर्यंत थांबायला हरकत नाही. परंतु डोळे विस्फारलेले, तोंडातून लाळ गळते आहे, धाप लागली आहे आणि समोर धरलेल्या आवडत्या खाऊकडेही लक्ष नाही, ही खरी घबराट असते. अशा वेळी ताबडतोब जवळ जावे, हळू आवाजात बोलावे आणि डॉक्टरांना कळवावे. घाबरलेल्या कुत्र्याला रडू दिल्याने त्याची भीती ओसरत नाही, वाढते.

दमलेले कुत्रे शांत झोपते, पण चिंगीला पायांनी दमवता येणार नाही. नाकाने दमवता येईल. डॅशहंड ही जर्मनीत बिजूच्या बिळात शिरून शिकार करण्यासाठी जोपासलेली जात आहे, आणि हुंगून शोधणे तिच्या रक्तातच आहे. तिच्या रोजच्या जेवणातील दाणे जुन्या पंचाच्या घडीत, चुरगळलेल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत किंवा अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये दडवून द्यावेत. चेंडू, दोरीची ओढाताण आणि दारावरच्या पाहुण्यांचे स्वागत हे तिन्ही पूर्ण बंद. हालचाल घटल्यामुळे खाणेही डॉक्टरांना विचारून कमी करावे, कारण वाढलेल्या प्रत्येक किलोचा भार त्याच मणक्यावर पडतो. खाऊत कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका किंवा चॉकलेट नसावे.

शी-शूसाठी तिला उचलूनच न्यावे. जिन्याची एकही पायरी तिने चढू-उतरू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली घालून पाठ आडवी, सरळ राहील असे उचलावे. काखेत हात घालून लहान मुलासारखे कधीही उचलू नये. खाली ठेवल्यावर आखूड दोरी हार्नेसलाच लावावी, गळपट्ट्याला नको, आणि पोटाखालून जुनी ओढणी घेऊन तिची दोन्ही टोके वर सैलसर धरावीत, म्हणजे पाय लडखडले तरी ती पडणार नाही. पाच मिनिटांत काम आटोपून परत यावे.

तेलाच्या मालिशीविषयी मात्र मला स्पष्ट नकार द्यावा लागेल. माणसाच्या आखडलेल्या पाठीला ज्याने बरे वाटते, त्याच दाबाने फाटलेल्या गादीतील आणखी भाग मज्जारज्जूवर सरकू शकतो. मणका बसवून देतो म्हणणाऱ्या कोणाच्याही हाती तिला देऊ नये. व्यायाम आणि फिजिओथेरपीची वेळ पुढे येईल, तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच.

दिवाळीची तयारी आतापासूनच करावी. फटाक्यांच्या दिवसांसाठी डॉक्टर वेगळी मात्रा किंवा वेगळे औषध देतील. ते आधी एखाद्या साध्या दिवशी देऊन पाहावे, म्हणजे ते तिला कितपत लागू पडते हे कळेल. औषध आवाज सुरू होण्यापूर्वीच पोटात जायला हवे. घाबरल्यानंतर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. त्या दिवसांपुरता क्रेट घराच्या सर्वांत आतल्या खोलीत हलवावा, पण तोही दोन-तीन दिवस अगोदर, कारण नवी जागा आणि मोठा आवाज एकाच दिवशी नकोत. अंधार पडण्यापूर्वी तिला बाहेर नेऊन आणावे, खिडक्या-पडदे लावावेत, पंखा आणि दूरदर्शन संच सुरू ठेवावा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातील एका व्यक्तीने तिच्याजवळच बसायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

आता जे कधीही विसरू नये ते सांगते. मागचे पाय फरफटू लागले, उभेच राहता येईना, किंवा बारा तासांत लघवी झाली नाही, तर रात्र असली तरी त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे. लघवी थेंबथेंब गळते आहे म्हणजे होते आहे, असे समजू नये. तुडुंब भरलेल्या मूत्राशयातूनही ती तशीच गळते. पायांतील खोल वेदनेची जाणीव गेल्यानंतर, म्हणजे पायाचे बोट जोरात दाबले तरी दुखेनासे झाल्यावर, तातडीने शस्त्रक्रिया केली, तरी सुमारे निम्मेच कुत्रे पुन्हा चालू शकतात. म्हणून ती जाणीव जाण्यापूर्वी पोहोचणे महत्त्वाचे असते. गॅबापेंटिननेही थोडे झोकांडे जातात, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. गोळीपूर्वीची आणि गोळीनंतर दोन तासांची चाल रोज टिपून ठेवली, तर फरक ओळखता येतो.

प्रश्न : आमच्या शित्झूला असाच पाठीचा त्रास झाला आहे. डॉक्टरांनी सूज कमी करणारे मेलॉक्सिकॅम दिले आहे. घरात मागच्या आजारपणातील प्रेडनिसोलोनच्या गोळ्या शिल्लक आहेत. त्या जोडीला दिल्या तर लवकर गुण येईल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : कृपया एकही गोळी देऊ नये. मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक आणि प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड एकत्र गेले, तर पोटात आणि आतड्यांत व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्यात कुत्री दगावतात. दिली गेली असल्यास किती व केव्हा दिली, ते डॉक्टरांना लगेच सांगावे. माणसांसाठीच्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही कुत्र्याला देऊ नयेत. गॅबापेंटिन पातळ औषधाच्या रूपात मिळाले, तर त्यात झायलिटॉल हा गोडवा नाही ना, हे औषध विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावे. तो कुत्र्यांना विषारी आहे.

प्रश्न : आमचा बीगल एरवी अंगणात मोकळा असतो. त्यालाही पाठीसाठी महिनाभर विश्रांती सांगितली आहे, पण एवढ्यासाठी क्रेट विकत घेणे परवडत नाही. खांबाला बांधून ठेवले तर चालेल का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : बांधून ठेवू नये. दोरीला हिसका बसला की तो सरळ मानेवर आणि पाठीवर येतो, आणि बांधलेला बीगल मांजर दिसताच झेप घेतो. घरातील दोन भिंतींचा कोपरा निवडून उरलेल्या दोन बाजू लाकडी फळ्यांनी किंवा आडव्या केलेल्या टेबलाने पक्क्या अडवाव्यात आणि वर जाळी बांधावी. जागा वर सांगितल्याएवढीच लहान असावी आणि खाली चटई घालून फरशीचा घसरडेपणा घालवावा. ओळखीत कोणाकडे रिकामा क्रेट असेल तर महिन्याभरासाठी मागून आणण्यात संकोच करू नये. पशुवैद्यांच्या दवाखान्यातही विचारून पाहावे. आणलेला क्रेट धुऊन, उन्हात वाळवून, त्यात त्याचे नेहमीचे अंथरूण न धुता घालावे, म्हणजे ओळखीच्या वासाने तो लवकर स्थिरावेल.