लीग टू क्लबची स्कॉलरशिप घ्यावी का? एका आईच्या पत्राला उत्तर

मिडलँड्समधून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा पंधरा वर्षांचा, इयर इलेव्हनला, लीग टू (इंग्लंडच्या फुटबॉलची चौथी पातळी) मधल्या एका क्लबच्या अकादमीत दोन वर्षं लेफ्ट विंगला, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणारा, खेळतोय, पायात स्पीड आहे म्हणे, आणि आता क्लबने तोंडी सांगितलंय की सोळाव्या वर्षी दोन वर्षांची स्कॉलरशिप देऊ. मिस्टर आयटीत, 2022 ला पुण्याहून स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेले, त्यांचं म्हणणं ए लेव्हल्स (इथली बारावी) कर, इंजिनिअरिंगला जा, फुटबॉल काय तो शनिवार-रविवारी. आजोबा कोल्हापूरचे, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमवाले, ते व्हिडिओ कॉलवर नातवाचे क्लिप्स बघून खूश, आणि त्यांनी विचारलंय की पोरगं उद्या इंडियाकडून खेळू शकेल का. ताई लिहितात, "ही नोकरी नक्की असते कशी ते कोणी सांगतच नाही, अर्धे लोक मेस्सीच्या गोष्टी करतात आणि अर्धे म्हणतात वेड लागलंय का."

ताई, नमस्कार. सगळ्यात आधी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि घरात कोणाच्या लक्षात आली नसावी. मुलगा सध्या डिपेंडंट व्हिसावर आहे ना? मग त्याच्या व्हिसाच्या अटी काढून नीट वाचा. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला यूकेत जवळपास कुठलंही काम करता येतं, पण प्रोफेशनल स्पोर्ट्सपर्सन म्हणून काम करता येत नाही, कोच म्हणूनही नाही. आणि होम ऑफिसची व्याख्या बरीच ऐसपैस आहे, प्रोफेशनल किंवा सेमी-प्रो क्लबकडे रजिस्टर असलेले खेळाडू त्यात येतात, अकादमीचे वयोगटसुद्धा येतात. स्कॉलरशिप म्हणजे नुसती शाळेची शिष्यवृत्ती नाही, ती पगारी अप्रेंटिसशिप आहे, क्लब त्याला दर महिन्याला पैसे देणार. वेगळा स्पोर्ट्स व्हिसा असतो, पण त्याला एफएचं (इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचं) एन्डॉर्समेंट लागतं आणि सोळा वर्षांच्या पोराला लीग टू क्लबकडून ते मिळेल अशी आशा मी तरी ठेवणार नाही. तेव्हा तुम्हाला आयएलआर (यूकेत कायम राहायची परवानगी) कधी मिळू शकतो, मुलाचं त्यात काय होतं, आणि आत्ता तो अकादमीत खेळतोय त्याचं काय, हे आधी एका चांगल्या इमिग्रेशन सॉलिसिटरला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नका प्लीज, आणि नियम बदलत असतात त्यामुळे कोणाच्या तरी भाच्याचं तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं त्यावरही जाऊ नका. क्लबच्या अकादमी मॅनेजरलाही स्पष्ट सांगा. छोट्या क्लबात प्रत्येकाला हे नियम पाठ असतात असं नाही. आणि हो, आयएलआर नसेल तर बहुतेक युनिव्हर्सिट्यांत ओव्हरसीज फी भरावी लागते, म्हणजे मिस्टरांच्या इंजिनिअरिंगच्या प्लॅनलाही हाच प्रश्न आहे.

आता समजा व्हिसाचं जुळलं. मग नोकरी कसली, तर मी तुम्हाला मेस्सी सोडा, प्रीमियर लीगसुद्धा सोडा, एका माणसाचं करिअर सांगतो. रायन विल्यम्स. पर्थमध्ये जन्म, आईकडून मुंबईचा, त्याचे आजोबा लिंकी ग्रोस्टेट 1950 च्या दशकात बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. रायन पोरवयात इंग्लंडला आला, पोर्ट्समथच्या अकादमीत वाढला, विंगर. पोर्ट्समथ त्या काळात पार कर्जात बुडालेला, तिथून 2012 मध्ये फुलहॅमला गेला, नाव मोठं पण खेळायला मिळेना म्हणून लोनवर, म्हणजे उसना, जिलिंगहॅम, ऑक्सफर्ड, बार्न्सली. मग बार्न्सलीत कायमचा, मग रॉदरहॅम, मग परत पोर्ट्समथ, मग परत ऑक्सफर्ड, आणि 2022 ला ऑस्ट्रेलियात परत, 2023 पासून बंगळुरू एफसी. मधे 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण मॅच. जवळजवळ दहा वर्षं इंग्लंडच्या दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पातळीवर, दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवून. आणि ताई, हे *यशस्वी* करिअर आहे बरं का. अकादमीतल्या बहुतेक पोरांना यातलं अर्धंही मिळत नाही.

वर्षाचं गणित असं की लीग टू मध्ये 24 क्लब, लीगच्याच 46 मॅचेस, वर एफए कप, लीग कप, ईएफएल ट्रॉफी (ईएफएल म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या तीन पातळ्या चालवणारी संस्था). शनिवारी मॅच, बऱ्याचदा मंगळवारी रात्री अजून एक, बॅरोला जायचं तर इंग्लंडच्या एका टोकाला, जिलिंगहॅमला जायचं तर दुसऱ्या, नोव्हेंबरच्या पावसात बसमधून पहाटे घरी. सकाळी ट्रेनिंग, दुपारनंतर मोकळा, आणि हा दुपारनंतरचा मोकळा वेळ हाच या पेशातला खरा धोका आहे असं माझं मत आहे, त्यावर पुढे येतो. कॉन्ट्रॅक्ट साधारण एक किंवा दोन वर्षांचं, 30 जूनला संपतं, मे महिन्यात क्लब यादी जाहीर करतो, कोण राहणार कोण सुटला. म्हणजे एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या माणसाला दर उन्हाळ्यात, घरी बायको-पोरं असोत नसोत, नवीन नोकरी शोधावी लागते, आणि तीही दुसऱ्या गावात.

पैशाचा अंदाज द्यायचा तर एक जाहीर आकडा आहे. 2020 च्या ऑगस्टमध्ये लीग टू च्या क्लबांनी पगारांवर वर्षाला 15 लाख पौंडांची मर्यादा घालायचा ठराव केला, सगळ्या सीनियर टीमचा मिळून, बोनस वगैरे धरून. खेळाडूंची युनियन पीएफए त्याच्या विरोधात लवादात गेली आणि फेब्रुवारी 2021 ला तो ठराव रद्द झाला. काही क्लब त्याहून जास्त खर्च करत होते, आणि आकडा आता जुना आहे, पण वीस-बावीस खेळाडूंत 15 लाख वाटून बघा, काय येतं ते मिस्टरांना दाखवा, आयटीवाल्याला त्यात फार काही डोळे दिपण्यासारखं दिसणार नाही. शिवाय हा पगार पस्तिशीपर्यंत, तोही गुडघा आणि हॅमस्ट्रिंग टिकली तर. क्लबच बुडाला तर वेगळंच, बरी नावाच्या क्लबला ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढून टाकलं, मॅकल्सफिल्ड 2020 मध्ये बंद पडला, तिथल्या पोरांचे पगार आधीच थकलेले होते.

विंगरचं दुखणं अजून वेगळं आहे आणि हे तुमच्या मुलाला नक्की वाचून दाखवा. गोलकीपर, सेंटर बॅक हे प्रत्येक मॅनेजरला लागतातच, विंगर लागतोच असं नाही. लीग टू मध्ये मॅनेजर पटापट बदलतात, नवीन आला आणि त्याने तीन सेंटर बॅक आणि दोन विंगबॅक खेळवायचं ठरवलं की कालपर्यंत टीममध्ये असलेला विंगर एकदम बेंचवर, त्याची काही चूक नसताना. मॅटी ब्लेअर बघा. 2012 च्या मे महिन्यात यॉर्क सिटीकडून एका आठवड्याच्या अंतराने दोनदा वेम्ब्लीवर गोल केला, आधी एफए ट्रॉफीच्या फायनलला, मग ल्यूटनविरुद्ध प्लेऑफ फायनलला, आणि त्या दुसऱ्या गोलनेच यॉर्क परत फुटबॉल लीगमध्ये आलं. वेम्ब्लीवर गोल करणारा विंगर! तरी पुढे फ्लीटवुड, मॅन्सफिल्ड, डॉनकास्टर, चेल्टनहॅम असा फिरत राहिला, आणि डॉनकास्टरला चक्क राइट बॅक खेळला. म्हणून टिकला. तेव्हा तुमच्या मुलाला सांगा की क्लिप्समधले स्टेपओव्हर्स आजोबांसाठी ठीक आहेत, कोच बघतो ते बॉल गेल्यावर तो मागे किती वेळा धावतो, आणि डाव्या विंगला खेळणारा उजव्या पायाचा पोरगा असेल (तुम्ही पत्रात लिहिलं नाही) तर डाव्या पायाने क्रॉस मारता येतो का. सोळाव्या वर्षी फुलबॅक (कडेचा बचावपटू) खेळायला लाज वाटून घेऊ नये.

जॅरड बोवेनचं उदाहरण लोक देतील, हेरफर्डसारख्या छोट्या क्लबातून 2014 मध्ये हल सिटी क्लबकडे गेला, तिथून 2020 ला वेस्ट हॅम, आणि 2023 मध्ये प्रागला युरोपियन फायनलचा विजयी गोल. खरंय सगळं. पण तुम्ही निर्णय घेताना त्याला बाजूला ठेवा, लॉटरी लागलेल्याला विचारून घराचं बजेट करत नाहीत. आपल्या लोकांपैकी विंगर बघायचा तर डिलन मार्कंडे बघा, स्पर्सच्या (टॉटनहॅमच्या) अकादमीतून आला, ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांच्या सीनियर टीमकडून युरोपमध्ये खेळला, स्पर्सच्या सीनियर टीमकडून खेळणारा तो पहिला ब्रिटिश एशियन, जानेवारी 2022 ला ब्लॅकबर्नने घेतला (मालक पुण्याचे व्यंकीज, म्हणून आपल्याकडे थोडी बातमीही झाली), आणि लगेच गुडघ्याची मोठी इंजरी, कितीतरी महिने बाहेर. 2025 मध्ये लीग टू मधल्या चेस्टरफिल्डला खेळून त्याने पुन्हा नाव कमावलं. गुणवत्तेत तो तुमच्या मुलाच्या क्लबातल्या कुठल्याही पोराच्या चार पावलं पुढे होता, हे लक्षात घ्या.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल मी नाही म्हणतोय. नाही, मी घ्या म्हणतोय, फक्त ती दोन वर्षांची अप्रेंटिसशिप समजून घ्या, आणि अठराव्या वर्षी "सॉरी, प्रो कॉन्ट्रॅक्ट देत नाही" हे ऐकायची तयारी आजच करून घ्या. कारण बहुतेकांना तेच ऐकायला मिळतं. ज्या घरात हे आधी बोललं जातं त्या घरातली पोरं सहा महिन्यांत उभी राहतात, जिथे अख्ख्या नातेवाइकांना "आमचा फुटबॉलर" सांगून झालेलं असतं तिथे पोरगं खोलीतून बाहेर येत नाही. मी दोन्ही बघितलंय.

आता अभ्यास. स्कॉलरशिपमध्ये शिक्षण सक्तीचं असतं, लीग फुटबॉल एज्युकेशन नावाची संस्था ते बघते, 2004 पासून आहे, ईएफएल आणि पीएफएने मिळून काढलेली. साधारणपणे पोरं अप्रेंटिसशिपबरोबर स्पोर्ट्सचं BTEC (आपलं इंजिनिअरिंगचं बी.टेक. नव्हे, ए लेव्हलच्या तोडीचा व्यावसायिक कोर्स) करतात, आणि त्यावर युनिव्हर्सिटीला जाता येतं, स्पोर्ट सायन्स वगैरेला. पण इंजिनिअरिंगला चांगल्या ठिकाणी ए लेव्हल मॅथ्स लागतंच लागतं, आणि ते या पॅकेजमध्ये आपोआप येत नाही. म्हणून मिस्टरांशी भांडू नका, त्यांचा मुद्दा एका विषयात बसतो: मुलगा ए लेव्हल मॅथ्स करेल, ऑनलाइन किंवा संध्याकाळच्या क्लासला, दोनऐवजी तीन वर्षं लागली तरी चालेल. दुपारनंतरचा मोकळा वेळ म्हटलं ना मी, तो एक्सबॉक्सवर जातो, आणि थोडा मोठा झाला की बेटिंगच्या अॅपवर, फुटबॉलवाल्यांत जुगाराचा प्रॉब्लेम किती आहे ते पीएफएवाल्यांना विचारा. त्यातले रोज दीड तास मॅथ्सला. पोराला मॅथ्स आवडत नसेल तर बायोलॉजी घ्या, फिजिओथेरपीकडे बरेच जुने खेळाडू वळतात. पीएफएचा मेंबर झाला की शिक्षणासाठी ग्रँट मिळते, ती खेळणं सोडल्यावरसुद्धा मागता येते, हे फार कमी पालकांना माहीत असतं. त्यांची आशियाई पोरांसाठी वेगळी मेंटरिंग स्कीमही आहे, एम्स नावाची, तिथे आत्ताच नाव घाला, ड्रेसिंग रूममध्ये एकटाच ब्राउन पोरगा असणं म्हणजे काय हे मिस्टरांना समजावून सांगता येणार नाही, पण तिथल्या एखाद्या खेळाडूला येईल.

अठराव्या वर्षी सुटला तरी एक्झिट ट्रायल्स असतात, म्हणजे सोडलेल्या पोरांना दुसऱ्या क्लबांसमोर खेळून दाखवायची संधी, नॅशनल लीग नॉर्थ-साउथला (सहावी पातळी) अर्धवेळ खेळून नोकरी किंवा डिग्री करणारे ढीगभर आहेत, अमेरिकेतल्या कॉलेजांत फुटबॉलवर जाणारेही आहेत (तिकडे जायचं असेल तर कुठल्याही प्रो कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी चौकशी करा).

आजोबांना सांगा, इंडियाकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) चालत नाही. सध्या नातवाकडे तो आहे, म्हणजे आज उत्तर हो. पण पुढे त्याचं ब्रिटिश नागरिकत्व घेतलंत तर भारतीय पासपोर्ट जाईल. तोच रायन विल्यम्स, त्याने 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय पासपोर्ट घेतला, बत्तिसाव्या वर्षी. आयएलआर मिळाला तरी भारतीय पासपोर्ट राहतोच, त्यामुळे नागरिकत्वाची घाई नसेल तर तो निर्णय मुलगा अठरा-एकोणीसचा होईपर्यंत लांबवायला काही हरकत नाही.

क्लबशी मीटिंग ठरली की तिघंही जा, मिस्टरांना घरी ठेवू नका, त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा खडूस असतील आणि इथे तेच पाहिजेत. गेल्या तीन बॅचमधल्या किती स्कॉलर्सना प्रो कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि त्यातले किती फर्स्ट टीमकडून लीगची मॅच खेळले, ज्यांना सोडलं ते आज कुठे आहेत, लोनवर पाठवता का आणि कुठल्या पातळीवर, इंजरी झाली तर स्कॅन किती दिवसांत होतो, मॅथ्सच्या क्लाससाठी ट्रेनिंगच्या वेळा जुळवणार का. शेवटच्या प्रश्नावर अकादमी मॅनेजर हसला किंवा "बघू" म्हणाला तर तिथेच लेखी मागा. पण हे सगळं सॉलिसिटरचं उत्तर हातात आल्यावर, त्याच्या आधी कशावरही सही नको, आणि काय उत्तर आलं ते मला कळवा, त्यावर पुढचं बोलू.