पूलचं कव्हर: पैसे कशासाठी मोजायचे आणि कुठून काढायचे

प्रश्न थोडक्यात असा: घराच्या आवारात 8 बाय 4 मीटरचा उघडा पूल, पाणी तापवायची सोय नाही, घरात 4 आणि 7 वर्षांची मुलं, पोहणं जवळपास रोजचं. हातात तीन कोटेशन आहेत. पाण्यावर तरंगणारं बबल कव्हर, पट्ट्या आणि स्प्रिंगांनी ताणलेलं जाळीचं कव्हर, आणि ॲल्युमिनियमच्या आडव्या बारांवर पेललेलं पीव्हीसी कव्हर. बबल कव्हरची किंमत 1 धरली तर जाळीचं 5 आणि बारचं 9. बारचं कव्हर तीन वर्षांत स्वतःचे पैसे फेडतं, असं विक्रेत्याचं म्हणणं. रक्कम आकस्मिक निधीतून काढावी की 24 बिनव्याजी हप्ते घ्यावेत, हा तुमचा पेच. हीटपंपासाठी (पुढे पूलचं पाणी तापवायला घ्यायच्या यंत्रासाठी) बाजूला ठेवलेल्या पैशांना मात्र तुम्हाला हात लावायचा नाही.

आधी ‘पैसे फेडतं’ हे तपासू. तुमच्या पूलचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर. कोरड्या, उन्हाच्या दिवसात 5 मिलिमीटर पाणी उडालं तर ते 160 लिटर होतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 0.68 युनिट उष्णता जाते, म्हणजे दिवसाला सुमारे 108 युनिट. विक्रेत्याचा हिशोब बहुधा याच आकड्यावर उभा आहे. पण तुम्ही पाणी तापवतच नाही, त्यामुळे ही उष्णता तुमच्या वीजबिलात कुठेच दिसत नाही. उरते ती पाण्याची आणि क्लोरीनची बचत. तीसुद्धा कव्हर बंद असलेल्या तासांपुरतीच, आणि ऊन-वाऱ्यामुळे जास्त पाणी उडतं ते दिवसा, म्हणजे नेमकं तुमचा पूल उघडा असताना. शिवाय ही बचत सर्वांत स्वस्त बबल कव्हरही करून देतं. बचतच हवी असेल तर 9 पट मोजायचं काहीही कारण नाही.

कोणतंही कव्हर घेण्याआधी बादलीची चाचणी करा. पूलच्या पायरीवर बादली ठेवा, आतलं पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा, पंप आणि पाणी भरणारा नळ बंद ठेवून 24 तासांनी दोन्ही पातळ्या मोजा. पूलची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तर गळती आहे. गळती कव्हरने थांबत नाही. तो खर्च आधी करावा लागेल.

आता मुलांकडे वळू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. बबल कव्हर सुरक्षेच्या दृष्टीने शून्य, उलट धोकादायक: मूल त्यावर पडलं तर कव्हर बाजूला सरकतं, मूल खाली जातं आणि वरून पाणी झाकलेलं दिसतं. जाळीचं कव्हर वजन चांगलं पेलतं, पण ते मोसम संपल्यावर पूल बंद करण्यासाठी बनवलेलं आहे. पट्ट्यांमध्ये 90 सेंटिमीटर अंतर असेल तर तुमच्या मापाला दोन डझनांच्या आसपास अँकर, म्हणजे पट्टीचा स्प्रिंग अडकवायचे काठातले खुंट, लागतील. रोज संध्याकाळी तेवढे स्प्रिंग कोण चढवणार? आठवड्याभरात ते कव्हर कोपऱ्यात घडी होऊन पडेल. त्यात जाळीतून ऊन आणि बारीक माती आत जाते, शेवाळ धरतं, आणि वाफ तर थांबतच नाही.

बारचं कव्हर मोटरने दोन-तीन मिनिटांत गुंडाळलं जातं, म्हणून ते रोज बंद होण्याची शक्यता खरी. किंमत वर्षांनी नाही, बंद राहिलेल्या रात्रींनी भागून बघा: 5 पटीचं कव्हर वर्षाला 30 रात्री आणि 9 पटीचं 300 रात्री बंद राहिलं, तर महाग कोणतं ते उघड आहे. माझं मत बारच्या बाजूने आहे, फक्त तो खर्च सुरक्षेच्या खात्यात लिहा, गुंतवणुकीच्या नाही.

कोटेशनमध्ये नसलेले खर्च मात्र विचारून घ्या. काँक्रीटच्या काठावर अँकर सरळ बसतात. सुट्या फरशा असतील तर खाली पक्का आधार ओतावा लागतो, नाहीतर ताणाने फरशीच उचकटते. पीव्हीसीचं कापड बारांच्या आधी जीर्ण होतं, तेव्हा नुसतं कापड बदलण्याचा दर आजच लेखी घ्या आणि वर्षाला थोडी रक्कम त्यासाठी बाजूला टाका. शॉक डोस, म्हणजे एकदम क्लोरीनची मोठी मात्रा, दिल्यावर क्लोरीन उतरेपर्यंत कव्हर उघडं ठेवा. बंद केलं तर कोंडलेली क्लोरीनची वाफ कापडाची खालची बाजू खाते. या चुकीने वॉरंटीही जाऊ शकते.

पैशांबाबत: हप्ते ‘बिनव्याजी’ आहेत का, हे रोखीचा भाव विचारल्याशिवाय कळत नाही. रोखीने 10 टक्के सूट मिळत असेल, तर 24 हप्त्यांत तुम्ही वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त व्याज भरताय. आकस्मिक निधी तुमच्या पाच महिन्यांच्या खर्चाइतका आहे, कव्हर दोन महिन्यांचा खर्च खातं; तीन महिन्यांवर उतरणं मला पसंत नाही. पैसे काढायचे ते हीटपंपाच्या रकमेतूनच. रात्री उघड्या राहणाऱ्या पूलला हीटपंप लावणं म्हणजे खिडकी उघडी टाकून खोली तापवणं. कव्हर आधी, पंप नंतर, आणि कव्हरमुळे कदाचित लहान पंपावर भागेल.

कव्हर येईपर्यंत आणि आल्यावरही, पूलभोवती किमान 1.2 मीटर उंचीचं, आपोआप बंद होणाऱ्या दाराचं कुंपण हवं. कव्हर बंद करायला कुणीतरी विसरतंच.

ऑर्डरवर ‘सेफ्टी कव्हर’ एवढंच लिहून घेऊ नका. मानकाचा क्रमांक लिहून घ्या. अमेरिकी एएसटीएम एफ1346 नुसार तुमच्या रुंदीच्या पूलवरच्या कव्हरने सुमारे 220 किलो, म्हणजे दोन मोठी माणसं आणि एक मूल, पेलायला हवं. फ्रान्सच्या एनएफ पी90-308 मध्ये 100 किलोच्या माणसाला वरून ओलांडून जाता यायला हवं. अखेरची 15-20 टक्के रक्कम बसवणीनंतर पाण्याची चाचणी होईपर्यंत हातात ठेवा. पाइपने वर पाणी सोडा आणि अर्ध्या तासाने बघा. 10 मिलिमीटर साचलेलं पाणी या मापावर 320 किलो होतं, बार वाकवतं, आणि लहान मुलाला बुडायला थोडंसं साचलेलं पाणीही पुरतं. निचऱ्याच्या जाळ्या कापडाच्या सर्वांत खोल जागी नसतील तर पाणी तसंच राहील. तेव्हा जाळ्यांची जागा बदलून मिळेपर्यंत शेवटचा चेक देऊ नका.