माउंट गॉक्स हे बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज नेमकं कशामुळे बुडालं?

नाव ऐकून डोंगर आठवतो, पण हे मुळात पत्त्यांच्या खेळाचं दुकान. 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाची कार्डं ऑनलाइन विकायला जेड मॅककेलेबने घेतलेलं ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. जुलै 2010 मध्ये त्याने तिथे बिटकॉइनचा बाजार मांडला आणि 2011 मध्ये टोकियोत राहणाऱ्या मार्क कार्पेलेस या फ्रेंच माणसाला विकून टाकला. 2013 मध्ये जगातले बहुतांश बिटकॉइन व्यवहार इथूनच होत.

आता बुडण्याचं कारण. एक्स्चेंजवर तुम्ही नाणी घेता तेव्हा ती तुमच्या नावावर फक्त त्यांच्या वहीत चढतात. खरी नाणी त्यांच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल तिजोरीत, आणि तिची गुप्त चावीही त्यांच्याकडेच. सावकाराकडे ठेव ठेवण्यासारखंच. वही आणि तिजोरी जुळतेय का, हे कोणीतरी रोज ताडून बघायला हवं. इथे 2011 पासूनच चोर हळूहळू नाणी काढत होते आणि वहीत मात्र सगळं जागच्या जागी!

फेब्रुवारी 2014 मध्ये पैसे काढणं बंद झालं. महिनाअखेरीस दिवाळखोरीचा अर्ज. सुमारे 8,50,000 बिटकॉइन गायब, पैकी साडेसात लाख ग्राहकांची. पुढे जुन्या वॉलेटमध्ये 2,00,000 सापडली (सापडली म्हणे!).

कार्पेलेसला 2019 मध्ये नोंदींत फेरफार केल्याबद्दल स्थगित शिक्षा झाली, म्हणजे लगेच तुरुंगात जावं लागलं नाही. अपहाराच्या आरोपातून तो सुटला. ग्राहकांना नाण्यांच्या रूपात परतफेड सुरू व्हायला जुलै 2024 उजाडला.