आयसोमेट्रिक चित्रावरून मापं घेतली आणि बॉक्स लहान निघाले: कारण आणि उपाय

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय की किचनच्या कपाटांचे पाच बॉक्स सुताराने सॉफ्टवेअरमधून छापलेल्या आयसोमेट्रिक चित्रावरून (वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणारं तिरकं चित्र) पट्टीने मापं घेऊन कापले आणि सगळे लहान निघाले. त्यातला ५८८ हा आकडा वाचला आणि तिथेच कारण कळलं. ७२० मिमी उंचीचे बॉक्स ५८८ चे निघाले, ५६० ची खोली ४५७ झाली आणि ६०० ची रुंदी ४९०. प्रत्येक कापलेलं माप मूळ मापाने भागून बघा, तिन्ही वेळा ०.८१६ च्या आसपास उत्तर येईल. सुताराच्या हातून चूक झाली असती तर सगळीकडे एकच गुणोत्तर आलं नसतं. त्याने फुटपट्टी बरोबर लावली आणि दहाने गुणलंही बरोबर. चित्राखाली छापलेलं 'स्केल १:१०' हेच चुकीचं होतं. त्याच्या मजुरीतून पैसे कापायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो कृपया सोडा.

आधीच सांगतो, मी फक्त लाकूडकाम आणि किचनपुरतं बोलतोय. मशीन पार्टवाल्यांचे नियम थोडे वेगळे असतात.

आयसोमेट्रिक म्हणजे काय, ३० अंशाच्या रेषा कशा मारायच्या, हे तुम्हाला येतंच. पण एकाच नावाने दोन वेगळी चित्रं चालतात, हे बऱ्याच क्लासमध्ये नीट सांगत नाहीत. हाताने काढताना आपण ३० अंशाच्या रेषेवर पूर्ण माप टाकतो, ७२० चे ७२ मिमी. सॉफ्टवेअर तसं करत नाही. थ्रीडी मॉडेल आयसो व्ह्यूमध्ये फिरवलं की ते खराखुरा प्रक्षेप घेतं, म्हणजे कललेली वस्तू समोरून कागदावर जशी उतरेल तशी. त्यात बॉक्सची प्रत्येक कड कागदाच्या प्रतलाशी ३५ अंश १६ मिनिटांनी कललेली असते, म्हणून तिची लांबी ०.८१६५ पट दिसते. ७२ मिमीच्या जागी ५८.८ मिमी. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला 'आयसोमेट्रिक स्केल' काढायला लावतात (४५ अंशाच्या रेषेवर खरी मापं घेऊन ती सरळ खाली ३० अंशाच्या रेषेवर उतरवतात), ते नेमकं याचसाठी. परीक्षेनंतर ती पट्टी कुणी वापरत नाही आणि मग साइटवर हे असं होतं.

ही चूक लवकर पकडली का जात नाही, हे समजून घ्या. तिन्ही अक्षांवर आकुंचन सारखंच असतं, त्यामुळे बाजूची पट्टी, तळ, वरची पट्टी सगळं एकाच प्रमाणात लहान होतं आणि बॉक्स व्यवस्थित जुळतो. गुण्या लावला तर काटकोन बरोबर, कर्ण मोजले तर दोन्ही सारखे. कुणाला शंका यायचं कारणच नसतं. जी वस्तू चित्रावरून बनत नाही, बाजारातून तयार येते, ती लावायची वेळ आली की गोष्ट उघडी पडते. तुमच्याकडे ५०० चा टेलिस्कोपिक चॅनल (ड्रॉवर सरकवायची पट्टी) ४५७ च्या बॉक्समध्ये शिरेना, तेव्हा कळलं. प्लाय मात्र १८ मिमीचाच राहतो, तो आकसत नाही. चित्रात त्याची जाडी १.८ च्या जागी जेमतेम दीड मिमी असते आणि एवढा फरक डोळ्याला दिसत नाही.

याच चुकीचा मला सगळ्यात मोठा फटका बसलाय, म्हणून एवढं तपशिलात लिहितोय. माझं काम प्लाय कापून देणाऱ्या एका कटिंग युनिटकडे गेलं होतं, नाव घेत नाही. चित्रावर तीन-चारच मापं लिहिली होती आणि बाकीची त्यांनी पट्टीने मोजून घेतली. ही चूक माझी, ती मी कधीच नाकारली नाही. पण लिहिलेलं ७२० आणि पट्टीवरचे ५८.८ मिमी एकाच कागदावर दिसत असताना एक फोन करायला काय हरकत होती? 'ड्रॉइंगवर स्केल होतं, आम्ही त्याप्रमाणे कापलं' एवढंच उत्तर मिळालं आणि कापलेल्या आठ बाय चारच्या शीटचे पूर्ण पैसे लावले. आठवलं की अजून राग येतो. जिथे विसंगत माप दिसलं की उलट विचारतात, त्याच युनिटला काम द्या, दर थोडा जास्त असला तरी.

आता उपाय. प्रिंट हातात आली की माप माहीत असलेली एक उभी कड मोजा. १:१० वर ७२० ची कड ७२ मिमी भरली तर ते पूर्ण मापाचं चित्र आहे, ५८.८ भरली तर प्रक्षेप आहे. ५०.९ भरली तर तिसरीच भानगड: ए-थ्रीचं पान ए-फोरवर 'फिट टू पेज' करून छापलंय, म्हणजे ७०.७ टक्के. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर कड साडेएक्केचाळीस मिमीच्या आसपास येते. प्रिंटच्या दुकानात '१०० टक्के, अ‍ॅक्च्युअल साइझ' असं तोंडाने सांगा आणि पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक आडवी पट्टी काढून ठेवा, म्हणजे पान आकसलंय का ते कुणालाही तपासता येईल.

सॉफ्टवेअरचा आयसो व्ह्यू पूर्ण मापात हवाच असेल तर तो १.२२४७ पट मोठा करा. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लेआउटवर (छापायच्या पानावर) १:१० साठी व्ह्यूपोर्टचं, म्हणजे चित्राच्या चौकटीचं, कस्टम स्केल ०.१२२४७ द्या. मग अक्षांच्या दिशेने पट्टी बरोबर माप दाखवेल. तरीही माझं मत ठाम आहे: आयसोमेट्रिकखाली स्केल लिहूच नका. 'स्केलप्रमाणे नाही, लिहिलेली मापं पाळा' हे ठळक लिहा. पाइपिंगचे फॅब्रिकेटर आयसोमेट्रिकवरूनच पाइप कापतात, पण त्या चित्रांना स्केल नसतो. पाइप कापला जातो तो लिहिलेल्या आकड्यावरून.

स्केल लिहू नका म्हणतो, कारण १.२२ पट करूनही तिरक्या रेषा चुकतातच. तुमच्या फोटोत कोपऱ्याचं युनिट दिसतंय, ते अजून कापलं नसेल तर थांबा. समजा कोपरा ३२० बाय ३२० ने छाटलाय आणि तिथे तिरकं शटर (दार) येणार आहे. त्या तिरक्या कडेची खरी लांबी ४५२ मिमी. पूर्ण मापाच्या आयसोमेट्रिकमध्ये हीच कड कागदावर आडवी आली तर ५५४ ची दिसते आणि उभी आली तर ३२० ची. चित्र एकच, बॉक्स फिरवला की माप बदललं. आयसोमेट्रिकमध्ये फक्त तीन अक्षांना समांतर रेषा मोजता येतात. तिरक्या रेषेची दोन टोकं अक्षांवरून मोजून ठरवायची, मग ती जोडायची, आणि तिची लांबी प्लॅनवरूनच (वरून पाहिलेल्या सपाट चित्रावरून) घ्यायची. कोनाचंही तसंच. काटकोन ६० किंवा १२० अंशाचा दिसतो, त्यामुळे चित्रावर कोनमापक ठेवण्यात अर्थ नाही.

वर्तुळांबद्दल थोडक्यात. ओट्यातलं सिंकचं गोल भोक किंवा ऑटो हिंजचं (दाराच्या बिजागरीचं) ३५ मिमीचं भोक लंबवर्तुळ दिसतं. पूर्ण मापाच्या चित्रात त्याचा लांब अक्ष व्यासाच्या १.२२ पट आणि आखूड अक्ष ०.७१ पट. ओट्याच्या वरच्या पृष्ठावर लांब अक्ष नेहमी आडवा राहतो. तो तिरका काढला की ओटा उतरता दिसतो. ऑटोकॅडमध्ये आयसोमेट्रिक मोड चालू केल्यावर एलिप्स कमांडमध्ये 'आयसोसर्कल' पर्याय येतो, तो वापरा आणि एफ-५ ने पृष्ठ बदला.

तुम्ही विचारलंय, पुढच्या वेळी पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दाखवणारं, डोळ्याला दिसतं तसं चित्र) द्यावं का? सुताराला मुळीच नाही. पर्स्पेक्टिव्हमध्ये डोळ्यापासूनच्या प्रत्येक अंतराला वेगळं स्केल असतं. डोळ्यापासून दोन मीटरवरचं ६०० चं युनिट आणि चार मीटरवरचं तेवढंच युनिट घ्या, मागचं बरोबर निम्मं दिसेल. पर्स्पेक्टिव्ह घरमालकाला दाखवा, दीड मीटरच्या आसपास डोळ्याची उंची धरून. तिथेही एक विनंती. छोटं किचन बसत नाही म्हणून फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्यात मावणारा कोन) ९० पर्यंत ओढू नका. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तो मुळात ३५ अंश असतो, ६० च्या पुढे गेलात की सात फुटी ओटा बारा फुटी भासतो आणि हँडओव्हरच्या दिवशी मालकाचा चेहरा पडतो. स्केचअपमध्ये नुसतं 'आयसो' बटण दाबूनही आयसोमेट्रिक मिळत नाही. कॅमेरा मेनूत 'पॅरलल प्रोजेक्शन' चालू नसेल तर ते पर्स्पेक्टिव्हच असतं, फक्त कोपऱ्यातून पाहिलेलं.

कापायला सपाट चित्रंच द्या: प्लॅन, एलिव्हेशन (समोरून), सेक्शन (कापून आतलं दाखवणारं) आणि प्रत्येक पट्टीच्या मापांची कटलिस्ट. सपाट चित्राला कमी लेखणारे बरेच भेटतात, मला ते पटत नाही. वारलीतलं तारप्याचं रिंगण बघा. वळसे वरून पाहिल्यासारखे आणि नाचणारी माणसं बाजूने, दोन्ही सपाट, तरी कोण कुणाच्या हाताला धरून उभा आहे ते स्पष्ट दिसतं. प्लॅन आणि एलिव्हेशन शेजारी ठेवून आपण दुसरं काय करतो?

मग आयसोमेट्रिक कशाला? जोडणीसाठी. केंब्रिजचे विल्यम फॅरिश यांनी १८२२ साली ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांची गरजही तीच होती. व्याख्यानासाठी यंत्रांची मॉडेल्स सुट्या भागांतून उभी करायची आणि मदतनिसांना कुठला भाग कशाला लागतो ते चित्रावरून कळायला हवं. आजही सुताराला ते त्याचसाठी द्या: कोणती पट्टी कोणाच्या आत बसते, बॅकचा ६ मिमी प्लाय खाचेत जातो की मागून ठोकायचा, सनमायका कुठल्या कडेवर उतरतो.

एक बारीक अडचण मात्र लक्षात ठेवा. लांबी, रुंदी, उंची सारखी असेल तर जवळचा कोपरा आणि मागचा लपलेला कोपरा कागदावर एकाच बिंदूत येतात आणि उघडं शेल्फ नुसतं षटकोनासारखं दिसतं. तिथे आयसोमेट्रिकचा हट्ट सोडा. प्लॅन ३० आणि ६० अंशांवर फिरवा आणि उंची सरळ वर काढा. या चित्रात प्लॅनचा आकार आणि कोन खरे राहतात, म्हणून कोपऱ्याच्या युनिटलाही ते चांगलं. उंची मात्र जास्त भासते. ती दोन तृतीयांश घेतलीत तर तसं चित्रावर लिहा.

कापलेल्या पाच बॉक्सचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. ओट्याखाली ते नकोतच. १०० मिमी पायावर ५८८ म्हणजे ६८८, त्यावर ओटा घेऊन ८५० ला पोचायला पाय जवळपास अडीचशेचे लागतील आणि खाली भकास पोकळी दिसेल. ५८८ उंची आणि ४५७ खोली माळ्याला चालते, तिथे लावा, फक्त शटर नवीन बनवा. एखादा बॉक्स ड्रॉवरला वापरणार असाल तर बॅक आत घेतल्यावर ४५० च्या आसपासच जागा उरते, म्हणून १८ इंची चॅनल आणू नका, १६ इंची आणा. आणि नवीन शीट कापायच्या आधी सुताराबरोबर बसून कटलिस्टचा प्रत्येक आकडा फूट, इंच, सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोठ्याने वाचून घ्या. ७२० म्हणजे दोन फूट चार इंच तीन सूत, असं त्याच्या तोंडून आलं की मग मशीन चालू करू द्या.